बघ्याचा वाटा
(भूतदया – पाठ पुढे चालू)

वारकरी बंधुभगिनींनो, मागील पाठांत आपण भूतदयेचा विचार केला. आपल्या हातून कोणालाही पीडा होऊ नये, वाटेने चालताना मुंगीवरही पाय पडू नये, इथवर आपण आलो. तो पाठ ऐकून एका माळकरी गृहस्थांनी आम्हांस विचारले, "महाराज, मी कोणाला मारीत नाही, लुबाडीत नाही, एकादशी मोडीत नाही. पण माझ्या डोळ्यांदेखत दुसरा कोणी तिसऱ्याला मारीत असेल आणि मी नुसता उभा असेन, तर त्या पापातले काही माझ्या खाती लागते की नाही?"

प्रश्न साधा दिसतो, पण आम्हांस त्याचे उत्तर लगेच देता आले नाही. कारण तो ऐकताच आमचीच एक जुनी गोष्ट आठवली. ती आधी सांगतो, म्हणजे पुढचे जे सांगावयाचे ते उंच पाटावर बसून सांगितल्यासारखे होणार नाही.

१. आमची गोष्ट

पुष्कळ वर्षे झाली. आषाढीच्या वाटेवर एका मुक्कामी संध्याकाळची वेळ होती. पालखी तळावर विसावली होती, आम्ही मंडळी हातपाय धुऊन हरिपाठाला उभे राहण्याच्या तयारीत होतो. तोच शेजारच्या राहुट्यांकडून आरडाओरडा ऐकू आला. कोणाचा तरी पैशांचा बटवा गेला होता आणि चौदा-पंधरा वर्षांचे एक पोर लोकांच्या हाती सापडले होते. अंगावर मळका सदरा, बरोबर वडीलधारे कोणी नाही. एवढ्यावरून ते चोर ठरले. मारणारे सात-आठ असतील. पाहणारे शे-दोनशे. त्या पाहणाऱ्यांत गळ्यात टाळ अडकवलेले आम्हीही होतो.

आम्ही काय केले? आम्ही हळहळलो. शेजारच्याला म्हणालो, "अहो, फार मारताहेत हो." तो म्हणाला, "कोणीतरी सांगायला पाहिजे." आणि ते 'कोणीतरी' म्हणजे आपण नव्हे, असे आम्ही दोघांनीही मनात धरले. शेवटी एक म्हातारी पाण्याचा तांब्या घेऊन गर्दीत शिरली. "आधी पाणी पिऊ द्या रे लेकराला, मग काय मारायचे ते मारा," असे म्हणून ती त्याच्यापाशी खाली बसली. ती बसल्यावर मात्र कोणाचा हात उठला नाही.

रात्री तो बटवा ज्याचा होता त्याच्याच वळकटीत सापडला. पोर तोवर कोठे निघून गेले होते. क्षमा मागावी तर ते पुन्हा दृष्टीस पडले नाही. त्या रात्रीचा हरिपाठ आम्ही म्हटला, पण तो घशाखाली उतरला नाही. एक गोष्ट तेव्हा कळली. मारणाऱ्या सात जणांना जो जोर आला होता, तो त्यांच्या मनगटातला नव्हता. शे-दोनशे माणसे गप्प उभी आहेत, म्हणजे त्यांना हे मान्य आहे, असे त्या सातांनी धरले होते. आणि तसे धरण्याला आम्ही जागा दिली होती.

२. विदुराने सांगितलेली वाटणी

या प्रश्नाचा निवाडा महाभारताच्या सभापर्वात आलेला आहे. द्रौपदीला केस धरून भर सभेत आणले, तेव्हा तिने सभेला एकच प्रश्न केला: जो राजा आधी स्वतःलाच हरून बसला, त्याला मग मला पणाला लावण्याचा अधिकार उरला होता का? सभेत भीष्म होते, द्रोण होते, कृप होते. शस्त्रात आणि शास्त्रात त्यांच्या तोडीचे कोणी नव्हते. भीष्मांनी धर्माची गती सूक्ष्म आहे असे सांगून निर्णय टाळला, बाकीचे खाली मान घालून बसले. उघड बोलला तो विकर्ण. आणि तो कोण? दुर्योधनाचाच धाकटा भाऊ.

तेव्हा विदुराने सभेला एक जुनी कथा सांगितली. प्रल्हादाचा पुत्र विरोचन आणि अंगिरसाचा पुत्र सुधन्वा यांच्यात श्रेष्ठ कोण असा वाद पडला. दोघेही निवाड्याला प्रल्हादाकडे आले. एका बाजूला पोटचा मुलगा, म्हणून प्रल्हाद अडखळला आणि त्याने कश्यपांना विचारले की, जो जाणून-बुजून बोलत नाही त्याची गती काय? कश्यपांनी पापाची वाटणीच करून दाखवली. जेथे निंद्य कर्माची निंदा होत नाही, तेथे त्या पापाचा अर्धा भाग सभेच्या मुख्याकडे जातो, चौथा भाग करणाऱ्याकडे, आणि उरलेला चौथा भाग गप्प बसणाऱ्या सभासदांकडे. आणि जेथे त्याची उघड निंदा होते, तेथे मुख्यही सुटतो, सभासदही सुटतात; सगळे पाप करणाऱ्याच्याच माथी बसते.

वाचकहो, ही वाटणी नीट ध्यानात घ्या. गप्प बसण्याला येथे स्वतंत्र वाटा आहे. तो किरकोळ नाही. करणाऱ्याच्या वाट्याइतकाच आहे. ज्याच्या हाती सत्ता त्याचा वाटा सर्वांहून मोठा. आणि सुटण्याची वाटही सांगितली आहे: बोला, म्हणजे सुटाल.

कोणी म्हणेल, ही द्वापरातली गोष्ट. म्हणून आता आपल्यातील पुष्कळांच्या हयातीत घडलेली एक गोष्ट पाहू. ती दूर देशची आहे. तेथील लोक विठ्ठलाचे नावही जाणत नाहीत. पण माणसाचे मन तेच आहे.

३. रवांडाचे शंभर दिवस

आफ्रिका खंडाच्या मध्यभागी, जरा पूर्वेला, रवांडा नावाचा लहानसा डोंगराळ देश आहे. आपल्या महाराष्ट्राचे बारा भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढाच. तेथे बहुसंख्य हुतू आणि अल्पसंख्य तुत्सी असे दोन समाज. दोघांची भाषा एक, धर्म बहुतांशी एक, एकाच टेकडीवर शेजारी शेजारी घरे, आपसांत सोयरिकीही होत. बेल्जियमच्या गोऱ्या राज्यकर्त्यांनी १९३० नंतरच्या काळात प्रत्येकाला ओळखपत्र दिले आणि त्यावर हा हुतू, हा तुत्सी असे छापून टाकले. जे बोलण्यात होते ते कागदावर पक्के झाले. १९५९ पासून तुत्सींच्या कत्तली अधूनमधून झाल्या, पुष्कळजण परागंदा झाले. त्या परागंदांच्या सेनेने १९९० मध्ये चढाई केली, युद्ध जुंपले, १९९३ मध्ये तह झाला आणि तो पाळला जावा म्हणून संयुक्त राष्ट्रसंघाचे सुमारे अडीच हजार शांतिसैनिक तेथे आले.

६ एप्रिल १९९४ च्या रात्री रवांडाच्या अध्यक्षांचे विमान राजधानी किगालीजवळ पाडले गेले. ते निमित्त झाले. तयारी आधीच होती. रातोरात रस्त्यांवर नाके बसले. नाक्यावर ओळखपत्र मागायचे, त्यावरचा एक शब्द वाचायचा, आणि त्या शब्दावर माणूस जगायचा किंवा मरायचा. सैनिक मारीत होते, 'इंटरहाम्वे' नावाच्या टोळ्या मारीत होत्या, आणि सांगावयास जीभ अडखळते, पण शेजारी शेजाऱ्याला मारीत होते. बहुधा शेतातल्याच कोयत्याने. जे हुतू या प्रकाराला विरोधी होते तेही मारले गेले. देशाच्या पंतप्रधान आगाथ उविलिंगियिमाना या स्वतः हुतू होत्या. त्यांना ७ एप्रिल रोजीच ठार करण्यात आले.

सुमारे शंभर दिवसांत किती माणसे गेली? राष्ट्रसंघाच्या चौकशी-अहवालात आकडा सुमारे आठ लाख आहे. रवांडा सरकारची गणती दहा लाखांवर जाते. आकडा वाचून मन हलत नाही. म्हणून आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटी जमलेला समुदाय डोळ्यांसमोर आणा, आणि चातुर्मास संपायच्या आत त्यातले कोणी उरले नाही अशी कल्पना करा.

जुलैच्या मध्याला परागंदांच्या सेनेने देश जिंकला तेव्हा हा वंशसंहार थांबला. त्या सेनेच्या हातूनही सूडाच्या हत्या झाल्या, हेही सांगितलेच पाहिजे. पण आपला आजचा प्रश्न मारणाऱ्यांचा नाही. हे चालू असता पाहणारे कोण होते, आणि त्यांनी काय केले?

४. मोठी सभा

पहिले पाहणारे म्हणजे जगाची सभा. शांतिसेनेचे प्रमुख रोमिओ डॅलेर या कॅनेडियन सेनापतींना एका माहीतगाराकडून बातमी लागली की शस्त्रे साठविली जात आहेत आणि तुत्सींच्या याद्या तयार होत आहेत. ११ जानेवारी १९९४ रोजी, म्हणजे संहारापूर्वी जवळजवळ तीन महिने, त्यांनी न्यूयॉर्कला तार केली की ही शस्त्रे आम्ही जप्त करू इच्छितो. उत्तर आले: तसे करू नका, ते तुमच्या अधिकारात बसत नाही.

पुढे कत्तल सुरू झाली आणि सुरक्षा समितीच्या बैठका भरू लागल्या. योगायोग असा की त्या वर्षी समितीच्या पंधरा जागांपैकी एका जागेवर रवांडाचाच प्रतिनिधी होता. म्हणजे ज्यांच्या राज्यात संहार चालला होता त्यांचाच माणूस सभेत मांडीला मांडी लावून बसलेला. कौरवसभेची आठवण होते ना? २१ एप्रिलला समितीने ठराव केला. कोणता? सैनिक वाढवा असा नव्हे. सैनिक कमी करा, सुमारे दोनशे सत्तर ठेवा, असा.

'वंशसंहार' हा शब्द उच्चारला तर १९४८ च्या करारान्वये काहीतरी करणे भाग पडेल, म्हणून बड्या राष्ट्रांचे अधिकारी आठवडेच्या आठवडे तो शब्दच टाळीत राहिले. तेथे विकर्ण नव्हता असे नाही. चेक देशाचे प्रतिनिधी कारेल कोवांडा यांनी हा वंशसंहार आहे असे स्पष्ट सांगितले. न्यूझीलंडचे कॉलिन कीटिंग यांनीही कृतीसाठी आग्रह धरला. दोन्ही देश लहान. विकर्णाचे कौरवसभेत जे झाले तेच यांचे झाले. १७ मे रोजी साडेपाच हजार सैनिक पाठविण्याचा ठराव झाला खरा, पण ते सैन्य संहार आटोपेपर्यंत पोहोचले नाही.

नंतर अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन मार्च १९९८ मध्ये किगालीला गेले आणि आपण सर्वांनी पुरेसे केले नाही अशी कबुली त्यांनी दिली. १९९९ च्या डिसेंबरात राष्ट्रसंघाच्या स्वतंत्र चौकशी-मंडळानेही राष्ट्रसंघ व त्याची सदस्य राष्ट्रे चुकली असे लिहून ठेवले. चूक कबूल करणे चांगलेच. पण कश्यपांच्या वाटणीत 'मुख्या'चा वाटा अर्धा का, हे येथे समजते. ज्याच्या एका शब्दाने थांबले असते, त्याचे मौन सर्वांहून महाग पडते.

५. शाळेचे फाटक

दुसरे पाहणारे जवळचे होते आणि त्यांच्या हाती शस्त्रही होते. किगालीच्या किचुकिरो भागात एक तांत्रिक शाळा होती. तेथे बेल्जियमच्या सुमारे नव्वद शांतिसैनिकांचा तळ होता. निळी टोपी पाहून सुमारे दोन हजार माणसे, बायकामुले, म्हातारीकोतारी, त्या आवारात आश्रयाला आली. फाटकाबाहेर टोळ्या घिरट्या घालीत, पण आत शिरण्याचे धाडस करीत नव्हत्या. कारण आत सैनिक होते.

११ एप्रिलला हुकूम आला: परदेशी लोकांना सुखरूप काढा आणि तुम्हीही निघा. लोकांनी विनवण्या केल्या. गाड्या निघून गेल्या. टोळ्या आत शिरल्या, आणि त्या दोन हजारांपैकी बहुतेकांना त्याच दिवशी जवळच्या न्यांझा येथे हाकीत नेऊन मारले.

सैनिकांना दोष देताना एक गोष्ट विसरू नये. चारच दिवसांपूर्वी पंतप्रधानांचे रक्षण करावयास गेलेले त्यांचे दहा सोबती मारले गेले होते, आणि त्यांना वरून हुकूम होता. पण हे पाहा, नव्वद जण नुसते उभे होते तोवर दोन हजार जिवंत होते. त्यांनी फार काही पराक्रम केला नव्हता. उभे राहिले होते, एवढेच. नुसत्या उभे राहण्यात किती बळ असते, आणि नुसत्या निघून जाण्यात किती घात, हे या फाटकापाशी दिसते. तिकडे घानाच्या सैनिकांनी आणि त्यांचे सेनानी हेन्री अन्यिदोहो यांनी देश सोडावयास नकार दिला, डॅलेर यांच्याबरोबर ते मूठभर राहिले, आणि त्यांच्या आसऱ्याने हजारो जीव वाचले.

६. देवाचे घर

आता जे सांगावयाचे ते आपल्यासारख्या देवधर्म करणाऱ्यांना अधिक झोंबणारे आहे. रवांडा हा बहुसंख्य ख्रिस्ती लोकांचा देश. पूर्वीच्या दंगलींत जे प्रार्थनामंदिरात शिरले ते वाचले होते. म्हणून १९९४ मध्येही लोक तिकडेच धावले. या वेळी मात्र मंदिरातच कत्तली झाल्या. न्तारामा, न्यामाता, न्यारुबुये येथील मंदिरे आज स्मारके म्हणून उभी आहेत. न्यांगे गावी तर हजार-दीड हजारांहून अधिक माणसे आत असता मंदिर यंत्राने पाडण्यात आले. तेथील धर्मगुरू सेरोंबा यांना आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दोषी ठरविले आणि २००८ मध्ये जन्मठेप दिली. मार्च २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी या सर्वाबद्दल देवाची क्षमा मागितली.

हे वाचून, 'ते दुसऱ्या धर्माचे, आपल्यात असे होत नाही,' असा सुस्कारा कोणी टाकू नये. राहुट्यांमधल्या त्या पोराभोवतालचे सगळे माळकरीच होते. माळेने माणूस आपोआप शुद्ध होत नाही. देवळाच्या भिंती दगडाच्या असतात. त्या माणसाला वाचवीत नाहीत. आत उभा असलेला माणूस वाचवतो, किंवा वाचवीत नाही.

७. ज्यांनी दार उघडले

त्याच देशात, त्याच शंभर दिवसांत, असेही लोक निघाले.

झुरा कारुहिंबी नावाची एक वृद्ध स्त्री. झाडपाल्याची औषधे देणारी, खेड्यातली, दोन खोल्यांचे घर. तिने शंभरावर माणसे आपल्या घरात आणि आवारात लपविली. तिच्यापाशी शस्त्र नव्हते. पण लोक तिला मंत्रतंत्रवाली समजून बिचकत, हे तिला ठाऊक होते. टोळीवाले दाराशी आले की अंगाची आग होईल असा पाला हातांना चोळून ती त्यांना स्पर्श करी, हातातली कडी वाजवी, आणि या घरात पाऊल टाकाल तर भुते तुमच्यामागे लागतील असे बजावी. कोयतेवाले परत फिरत. २०१८ च्या डिसेंबरात ती वारली. तिची कथा वाचताना आम्हांस आमची तांब्यावाली म्हातारी दिसते.

सेनेगल देशाचे कप्तान म्बाये द्याञ्ञ हे राष्ट्रसंघाचे निरीक्षक होते. जवळ हत्यार नाही. पंतप्रधानांची मुले त्यांनीच वाचविली. मग गाडीत तीन-चार माणसे दडवायची, नाक्यावर हसतखेळत बोलायचे, सिगारेट पुढे करायची आणि पार व्हायचे, असा त्यांचा क्रम चालला. पुन्हा पुन्हा, दिवसामागून दिवस. ३१ मे रोजी एका नाक्यापाशी तोफगोळ्याचा तुकडा लागून ते गेले. २०१४ मध्ये राष्ट्रसंघाने त्यांच्या नावाने शौर्यपदक स्थापन केले.

गिसेन्यी गावी फेलिसिते नियितेगेका ही सेवाव्रती स्त्री होती, जातीने हुतू. तिने आश्रमात तुत्सींना आसरा दिला. तिचा भाऊ सैन्यात वरिष्ठ अधिकारी. त्याने तिला निघून ये म्हणून निरोप धाडला. तिने नकार कळविला. मारेकरी आले तेव्हा तिला जीवदान देऊ केले. तिने सोबतच्यांना सोडले नाही आणि ती त्यांच्याबरोबर मारली गेली.

आपल्याकडे जटायूची कथा आहे. म्हातारा पक्षी, पंख थकलेले, समोर रावण. आपण हरणार हे त्याला कळत नव्हते काय? तरी तो मध्ये पडला. सीता त्याच्याने सुटली नाही. पण रामाला वाट त्याच्यामुळे कळली. मध्ये पडण्याचे फळ कोठे, कसे निघेल हे मध्ये पडणाऱ्याने मोजावयाचे नसते.

८. आपल्या सबबी

आता आपल्या मनाकडे वळू. गप्प बसण्यासाठी मन ज्या सबबी देते त्यांतल्या चार आम्हांस चांगल्या ओळखीच्या आहेत.

पहिली: 'मी एकटा काय करणार?' कप्तान द्याञ्ञ यांनी हा प्रश्न विचारला असता तर त्या गाडीतले तीन-चार जणही गेले असते. आठ लाख वाचविता आले नाहीत, म्हणून तिघांना वाचवू नये, हा कोठला हिशेब?

दुसरी: 'कोणीतरी सांगेल.' यावर अधिक लिहीत नाही. आमची गोष्ट वर दिलीच आहे.

तिसरी खास आपली: 'ज्याचे त्याचे प्रारब्ध.' बंधूंनो, प्रारब्धाचा विचार आपले स्वतःचे दुःख सोसण्यासाठी संतांनी दिला; दुसऱ्याचे दुःख पाहत बसण्यासाठी नव्हे. नाथमहाराजांची कथा आपण दरवर्षी कीर्तनात ऐकतो. रामेश्वराला वाहण्यासाठी आणलेली गंगेची कावड, आणि वाटेत तहानेने तडफडणारे गाढव. गाढवाचे प्रारब्ध म्हणून नाथ पुढे गेले नाहीत. त्यांनी कावड गाढवाच्या मुखी रिकामी केली आणि रामेश्वराला पावली असे मानले. आपण ती कथा ऐकून डोळे पुसतो आणि घरी जाताना वाटेतल्या गाढवाला वळसा घालतो.

चौथी: 'मला मुलेबाळे आहेत.' ही सबब नव्हे, ही खरी अडचण आहे, आणि हिला आम्ही हसणार नाही. रवांडात ज्याने आसरा दिला त्याचेही घर मारले जाई. मानेवर कोयता असलेला शेजारी आणि न्यूयॉर्कच्या सभागृहातला वकील यांना एकाच तराजूत घालता येत नाही. कश्यपांनीही सारखे वाटे केले नाहीत. जितके बळ तितका वाटा. फेलिसितेसारखे मरण पत्करा असे आम्ही कोणास सांगू शकत नाही. आम्हांला तर एका पोरासाठी चार पावले टाकता आली नाहीत. पण आपले बळ खरोखर किती, हे ज्याने त्याने प्रामाणिकपणे मोजावे. बहुतेकदा ते आपण सांगतो त्याहून अधिक निघते.

९. बळ कोठून आणावे?

ऐन वेळी हे बळ येत नाही. ते आधी कमवावे लागते, आणि त्याची जागा फार अलीकडे आहे. रवांडात कोयता उचलला गेला एप्रिलमध्ये. पण त्याच्या कित्येक महिने आधीपासून तेथला एक रेडिओ तुत्सींना 'झुरळे' म्हणत होता. गाण्यांच्या मधूनमधून, थट्टामस्करीत. लोक ऐकत होते, हसत होते. त्या वेळी 'असे बोलू नका' म्हणण्याला जीव द्यावा लागत नव्हता. शब्द झुरळाचा झाला, की पायाखाली चिरडणे सोपे जाते. म्हणून बघ्याची खरी परीक्षा कत्तलीच्या दिवशी नसते. ती त्याच्या कितीतरी आधी, पारावर, बैठकीत, लग्नाच्या पंगतीत होऊन गेलेली असते.

वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो. समोरच्याची जात कोण विचारतो? पण पंढरीहून परतल्यावर गावातली बोलणी आठवा. अमक्या आळीचे लोक असलेच, तमक्या जातीला असेच ठेवले पाहिजे, ही बोलणी आपल्यासमोर होतात की नाही? आपण माळ चाचपीत ऐकतो की नाही? रवांडाच्या ओळखपत्रावर जो एक शब्द होता, तो शब्द आपल्या मनात छापलेला नाही, असे छातीवर हात ठेवून किती जण म्हणतील? आमचा हात अजून पुरता जात नाही.

म्हणून नित्यनेमाला जोडून तीन नेम सुचवितो. कोणत्याही जातीला वा धर्माला प्राण्याचे, किड्याचे नाव देऊन कोणी बोलला तर हसू नये, आणि तेथेच शांतपणे 'हे बोलणे मला पटत नाही' असे म्हणावे. कोणाला मार पडत असेल तर न्याय-अन्यायाचा निवाडा नंतर करावा; आधी पाणी घेऊन जवळ जावे, आणि एकट्याने धीर होत नसेल तर शेजारच्याचा हात धरून जावे. आणि गावात कोणी भयाने दाराशी आला तर त्याचे नाव विचारण्यापूर्वी दार उघडावे.

माउलींनी ज्ञानेश्वरीच्या शेवटी पसायदानात दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांच्यातला वाईटपणा जावा असे मागितले. ते मागणे आपण रोज म्हणतो. पण समोर वाईटपणा चालला असता जो गप्प राहतो, तो त्या मागण्याला आपल्याच तोंडाने खोटे पाडतो.

शेवटी न्यांगे गावचीच एक गोष्ट सांगून पाठ पुरा करतो. तेच गाव, जेथे मंदिर माणसांवर पाडले गेले. तीन वर्षांनंतर, मार्च १९९७ मध्ये, एका रात्री हत्यारबंद टोळी तेथल्या शाळेत शिरली. मुले अभ्यासाला बसली होती. टोळीने फर्माविले: हुतू एका बाजूला व्हा, तुत्सी दुसऱ्या बाजूला. मुले हलली नाहीत. आम्ही सगळे रवांडाचे, असे त्यांनी उत्तर दिले. टोळीने गोळ्या झाडल्या, हातबाँब टाकले. काही मुले तेथेच गेली, पुष्कळ जखमी झाली. आज त्या देशात त्या मुलांची गणना राष्ट्रवीरांत होते. ज्या गावात धर्मगुरू हरला, त्या गावात ही पोरे उभी राहिली.

त्या माळकरी गृहस्थांना आमचे उत्तर असे: होय, बघ्याच्या खाती लागते. पण बोलण्याने, उठण्याने, एक तांब्या पाणी नेण्याने ते फिटू शकते; आणि त्यासाठी उद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

मननासाठी प्रश्न (भजनी मंडळांनी एकादशीच्या बैठकीत चर्चा करावी)

१. कश्यपांनी पापाची वाटणी कशी केली? मुख्याचा वाटा अर्धा का?
२. विकर्ण आणि भीष्म यांच्यात ज्ञान कोणाचे अधिक होते? मग बोलला कोण, आणि का?
३. शाळेच्या फाटकावरील सैनिक निघून गेले, त्यात हुकूम देणाऱ्याचा वाटा किती, पाळणाऱ्याचा किती?
४. गेल्या वर्षभरात आपण कोठे गप्प बसलो? हे दुसऱ्याला सांगू नये; देवापुढे बसून स्वतःला सांगावे.

राम कृष्ण हरि.